लाल गाडीचं पेडल

एस्को फाटकातून आत आला तेव्हा हिल्का सौनाची वाफेची न्हाणी तापवायला लाकडं फोडत होती. दिराला पाहून तिने कुऱ्हाड जरा जास्तच जोरात हाणली.

"वहिनी, वेळ आहे का थोडा? ब्रेकची हवा काढायचीय. पेडल दाबायला कुणीतरी हवं."

"का, तुमचं तुम्हाला जमेना?"

"काही केल्या मऊच राहतंय. लोण्यात पाय घातल्यासारखं."

कुठल्या गाडीचं, हे विचारायची गरज नव्हती. लाल गाडी ताउनोने, तिच्या नवऱ्याने, म्हणजे एस्कोच्या सख्ख्या थोरल्या भावाने, आजारपणाच्या शेवटच्या हिवाळ्यात तिच्या मदतीने बांधली होती. त्याला वाकता येत नसे. घोंगडी पांघरून तो चालकाच्या जागेवर बसायचा आणि हिल्का गाडीखाली आडवी व्हायची. "दाब. धर." ती ब्रेकमधली हवा सोडायचं बोंडूक, निपल, ढिलं करायची, तेलाबरोबर बुडबुडे निघून गेले की आवळायची, मग "सोड." त्या हिवाळ्यात नवरा-बायकोचं बोलणं बहुतेक एवढंच झालं. तिला ते पुरलं.

वसंतात तो गेला. उन्हाळ्यात तिने गाडी रेतीच्या खाणीतल्या शर्यतीत उतरवली, कारण त्याची तीच इच्छा होती. फिनलंडमधल्या या गावठी शर्यतींचा नियम शेंबड्या पोरालाही पाठ असतो. शर्यत संपली की तिथला कुणीही चिठ्ठी टाकून ठरलेल्या किमतीला कुठलीही गाडी मागू शकतो, आणि मालकाला नाही म्हणता येत नाही. नाहीतर पैसेवाले गाड्यांत पैसा ओतून जिंकत बसतील. पण मेलेल्या माणसाच्या गाडीवर कुणी डोळा ठेवणार नाही, असं सगळं गाव धरून चाललं होतं. चिठ्ठी एकच पडली, आणि ती एस्कोची होती.

"नियम म्हणजे नियम, वहिनी," तो सॉसेज चावत म्हणाला होता. ते चावणं हिल्का विसरली नव्हती. वर्षभर ती मनातल्या मनात त्याला उभा-आडवा सोलत होती.

आज ती हात पुसून त्याच्या मागोमाग गेली.

गॅरेजात गाडी उचलून ठेवलेली, चाकं काढलेली. पुढच्या चाकांना आवळून थांबवणाऱ्या दोन्ही कॅलिपरांना झकास पिवळा रंग. "काढून रंगवले," एस्को कौतुकाने म्हणाला. हिल्का खाली वाकली आणि तशीच थांबली. हवा काढायची निपलं खाली तोंड करून बसली होती. शहाण्याने डाव्या चाकाचा कॅलिपर उजवीकडे लावला होता आणि उजव्याचा डावीकडे. हवा वर चढते, म्हणून निपल वर लागतं. इथे हवा वर आरामात बसली होती आणि खालून नुसतं तेल गळत होतं. नाताळपर्यंत दाबत बसला असता तरी ती निघाली नसती.

हिल्काला इतका आनंद झाला की तिला खोकल्याचं सोंग करावं लागलं.

"दाबा, वहिनी," तो खालून म्हणाला. तिने दाबलं. "धरा. सोडा." अख्खी दुपार ती ताउनोच्या जागेवर बसून दाबत राहिली. जावेने आणून दिलेला वेलचीचा पाव खाल्ला, कॉफी प्याली. खाली एस्को ब्रेक ऑइलने न्हाऊन निघत होता.

"तेलच खराब असेल," तो शेवटी म्हणाला.

"असेल. पण ही गाडी अशी उतरवू नका, भावोजी. मनापासून सांगते." ते खरोखर मनापासून होतं. तिला गाडी हवी होती, दिराचा जीव नको होता.

"दोन-तीनदा पेडल मारलं की लागतात ब्रेक. मी जिंकू नये एवढंच तुम्हाला वाटतं."

"तेही आहेच."

शर्यतीत त्याने ती उतरवलीच. पहिल्या वळणावर हिल्काने श्वास रोखून धरला; तो पलीकडे सुखरूप निघाला तेव्हा कुठे तिला त्याच्यावर नीट चिडता आलं. प्रत्येक वळणाआधी तो पेडल बडवत, रांगत जात होता. "एस्को, उतरून ढकल, लवकर पोचशील," सॉसेजच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. तो शेवटचा आला.

असली गाडी कोण मागणार? चिठ्ठी एकच पडली.

"वहिनी, हे भंगार घेऊन काय करणार? ब्रेक नाहीत तिला."

"नियम म्हणजे नियम, भावोजी."

तिने गाडी घरी नेली नाही. तिथेच, सगळ्यांसमोर, जॅक लावला, चाकं काढली, दोन्ही कॅलिपर सोडवले आणि डावा डावीकडे, उजवा उजवीकडे बसवला. कॉफीचे कप घेऊन लोक भोवती जमले. एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडत गेला आणि हसू पसरत गेलं. एस्कोचे कान लाल झाले.

"आता आत बसा," हिल्का म्हणाली. "पेडल दाबायला कुणीतरी हवं."

गावासमोर नाही कसं म्हणणार? तो बसला.

"दाबा. धरा. सोडा." बुडबुडे फसफसत बाहेर आले. "दाबा. धरा." आणखी आले, मग कमी झाले, मग नुसतं स्वच्छ तेल. हिल्काने निपल आवळलं.

"काय लागतंय पायाला?"

"कडक," एस्को पुटपुटला.

"मागच्यांना ऐकू आलं नाही."

"कडक लागतंय, वहिनी."

हिल्का गाडीखालून बाहेर आली, चिंधीला हात पुसले आणि दार उघडून धरलं.

"तुमच्या भावाच्या पायाखालीही असंच लागायचं. आता उतरा त्याच्या जागेवरून."