खांबवाल्या घरातला दोष

पौर्णिमा वानखेडे कुणाचंही नवं घर बघायला गेली की आधी मागच्या बाजूला जायची. पुढची बाजू बिल्डर गिऱ्हाइकासाठी बांधतो आणि मागची आपल्या स्वभावाप्रमाणे, असं ती म्हणे. वर्ध्यातल्या एका आर्किटेक्टकडे नकाशे काढण्यात आणि साइटवर उभं राहण्यात तिची अठरा वर्षं गेली होती. बोटाने प्लास्टर वाजवून, किल्लीने जरासं खरवडून, न्हाणीत मगभर पाणी ओतून ते कुठे वळतं ते बघून ती निकाल सांगायची. ओळखीतल्या कित्येकांनी तिच्या शब्दावर घरं घेतली होती, तशी सोडलीही होती.

गोपिकाचा तर तिच्यावर डोळे झाकून विश्वास. गोपिका सावंगीला नर्स होती. तिथेच एका भाड्याच्या घरात खाली गोपिका, तिचा नवरा वैभव आणि मुलगी अंकिता, वर पौर्णिमा आणि रत्नदीप, अशी अकरा वर्षं निघाली. डाळीच्या वाट्या जिन्यावरून वरखाली व्हायच्या. घरमालकाने घर विकायला काढलं तेव्हा दोघींनी ठरवूनच टाकलं, आता घ्यायचं ते स्वतःचं, आणि घ्यायचं ते शेजारीशेजारी.

दोन महिने रविवार यातच गेले. शेवटी घरांच्या दोन स्कीम उरल्या. एक हॉस्पिटलच्या जवळची. तिला सगळे खांबवाली स्कीम म्हणत, कारण प्रत्येक घरापुढे दोन पांढरे गोल खांब पार वरच्या मजल्यापर्यंत गेलेले, त्यांच्या माथ्यावर प्लास्टरची फुलं, आणि वर काचेच्या कठड्याची बाल्कनी. दुसरी देवळी रोडला, सहा किलोमीटर दूर. तिथे शोभा अशी काहीच नव्हती. उघड्या विटा, हातभर पुढे आलेले छज्जे, वारा आरपार जाईल अशा समोरासमोर खिडक्या. म्हातारा बिल्डर स्वतः नळी धरून भिंतींना पाणी मारताना दिसला होता.

गोपिका खांबवाल्या घराच्या बाल्कनीत दहा मिनिटं उभी राहिली होती. "ड्युटी संपली की सात मिनिटांत घरी," ती म्हणाली. "पायी वं! अन् इथं खुर्ची टाकून बसायचं."

पौर्णिमाने मागची भिंत वाजवून पाहिली, जिन्याखाली वाकून पाहिलं, गच्चीचा उतार पाहिला. "वरचा नखरा सोडला तर काम बरं आहे," ती म्हणाली. "विटांचं घर जास्त चांगलं, पण हेही वाईट नाई. घेऊन टाकू."

पुढच्या आठवड्यात गोपिकाची ड्युटी होती, म्हणून चौदा आणि पंधरा नंबरचं पक्कं करायला पौर्णिमा एकटीच गेली. ऑफिसातला माणूस फार अदबीने बोलत होता. पाणी दिलं, खुर्ची दिली, फॉर्म काढला. नाव लिहून घेतलं आणि पेन थांबवला.

"वानखेडे म्हणजे... कोणते, मॅडम?"

हा प्रश्न तिला नवा नव्हता. "बौद्ध," ती म्हणाली.

माणसाचा आवाज जरासुद्धा बदलला नाही. पंधरा नंबर कुणीतरी बोलून ठेवलाय, तो म्हणाला. मागच्या रांगेत मात्र एक चांगलं घर आहे. "तिकडं तुमच्यातलेच दोन-तीन जण आहेत, करमेल तुम्हाला." मग हसून, "तुमच्या मैत्रिणीसाठी चौदा नंबर ठेवू ना?"

फॉर्म तसाच सोडून ती उठली आणि गाडी काढून निघाली.

रत्नदीपला तिने घरी गेल्या गेल्या सांगितलं. तो देवळीला शाळामास्तर होता, शांत माणूस. "गोपिकाले सांग," एवढंच तो म्हणाला.

सांगायलाच ती संध्याकाळी खाली उतरली. गोपिका नुकतीच आलेली, पाय बादलीत सोडून बसलेली. "झालं का बुकिंग?" असं तिने इतक्या आनंदाने विचारलं की पौर्णिमाच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला. अकरा वर्षांत त्यांच्यात हा विषय कधी निघाला नव्हता. आता तो निघाला, आणि समजा गोपिका म्हणाली, जाऊ दे, लोकं असेच असतात, आपण मागच्या-पुढच्या रांगेत राहू, तर? ते ऐकण्याची पौर्णिमाची तयारी नव्हती.

"नाई केलं," ती म्हणाली. "आज नीट पाहिलं मी. प्लास्टरमध्ये रेती नाई, नुसती दगडाची डस्ट आहे. स्लॅब पोकळ वाजून राह्यला. तीन वर्षांत गळंल ते घर."

गोपिकाने बादलीतून पाय काढले. मग पाय पुसत म्हणाली, "तू म्हणतेस तर नाई घेत."

एक प्रश्नसुद्धा तिने विचारला नाही.

विटांची घरं त्यांनी शेजारीशेजारी घेतली. घरं खरोखरच चांगली होती. उन्हाळ्यात आत शिरलं की जीव निवायचा. पण ऑटो तिथवर येत नसे, आणि गोपिकाची ड्युटी कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची. थंडीत मफलर गुंडाळून ती स्कूटीवरून निघायची. तिला वॉर्डाची इन्चार्ज करायचं ठरलं तेव्हा तिने नको म्हटलं. केव्हाही बोलावणं येणार, आणि एवढ्या लांबून पोचायचं कसं?

चार पावसाळे गेले. एकदा दोघी बाजारातून येताना खांबवाल्या स्कीमवरून गेल्या. चौदा नंबरच्या बाल्कनीत एक बाई केस वाळवत बसली होती.

"अजून गळलं नाई वं," गोपिका हसून म्हणाली.

"गळंल," पौर्णिमा म्हणाली.

त्याच वर्षी कुणाच्या तरी घराची किंमत काढायला ऑफिसने तिला तिथेच पाठवलं. तिने भिंती वाजवल्या, गच्ची पाहिली. कुठे चीर नव्हती, ओल नव्हती. अहवालात तिने 'बांधकाम उत्तम' असं लिहिलं आणि खाली सही केली.

मग एका रविवारी गोपिकाने सांगितलं की तिला नागपूरच्या एका दवाखान्यात जागा मिळाली आहे. फक्त दिवसाचं काम. वैभवही तिकडेच काही पाहील. "माह्याच्यानं नाई होत आता हे जाणं-येणं," ती म्हणाली.

सामान बांधायला पौर्णिमा गेली होती. दोघी स्वयंपाकघरात खाली बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. अंकिता आणि वैभव पुस्तकांची खोकी घेऊन टेम्पोकडे गेले तेव्हा पौर्णिमा म्हणाली, "गोपिका, त्या खांबवाल्या घरात काही दोष नव्हता."

आणि तिने सगळं सांगितलं. आडनावाचा प्रश्न, मागची रांग, चौदा नंबर.

गोपिकाच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. "माह्यासाठी ठेवतो म्हणाला तो?"

"हो."

"अन् तुले वाटलं, मी घेईन."

"मले माहीत नव्हतं तू काय करशील ते."

"अकरा वर्षांनंतर?"

पौर्णिमाने वर्तमानपत्राचं पुढचं पान ओढलं.

गोपिका मोठ्याने बोलली नाही, रडलीही नाही. "घर तर मी घेतलंच नसतं," ती म्हणाली. "त्याच्यापुढं जाऊन दोन गोष्टी सुनावल्या असत्या. मग इथंच आलो असतो आपण. पण रात्री त्या रस्त्यानं येताना मले माहीत राहिलं असतं ना, मी काऊन एवढ्या दूर राहून राह्यली ते. सोसलं असतं मी. तू मले तेवढंही नाई दिलं."

मग तिने पातेलं गुंडाळलं, खोक्यात ठेवलं आणि दुसरं उचललं. निघताना तिने पौर्णिमाचा हात हातात घेतला. "येजो नागपूरले," असंही म्हणाली.

फोनवरचं बोलणं बंद झालं नाही. दिवाळीला फोन झाला, अंकिता बारावी पास झाली तेव्हा झाला. गोपिका पहिल्यासारखी बोलते, फक्त थोडं लवकर ठेवते. शेजारच्या घरात बँकेतलं एक जोडपं आलंय, माणसं भली आहेत.

मागच्या महिन्यात गोपिकाने फोटो पाठवले. नागपूरला त्यांनी फ्लॅट घेतला होता. पौर्णिमाला ते फोटोंवरूनच कळलं. तिने एकेक फोटो मोठा करून पाहिला. बेडरूमच्या खिडकीखाली रंग फुगल्यासारखा दिसत होता. खूप वेळ विचार करून तिने लिहिलं, "फ्लॅट छान आहे. खिडकीखाली ओल दिसते, बिल्डरले आत्ताच सांगजो."

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. "हो, वैभवनं इथला एक इंजिनियर बोलावला आहे. तो पाहून जाईल."

पौर्णिमाने ते दोनदा वाचलं. मग फोन उपडा ठेवला आणि समोरचा नकाशा पुढे ओढला.