घागरीची फरशी

"मावशी, फरशांवरचे आकडे कुठे गेले?"

वैष्णवीच्या हातातला खडू हातातच राहिला. अंगणात जुन्या लॉजच्या शहाबादी फरशा भिंतीला टेकून ओळीनं उभ्या होत्या, न्हाऊन उन्हाला बसलेल्या पोरांसारख्या. शेजारी बजाबाई पदरानं कपाळ पुसत, आता कौतुक होणार म्हणून उभी.

"गेले की! घासून काढले समदे. कुणी कार्ट्यानं रेघोट्या वडल्या हुत्या."

"अहो, ते मी लिहिलं होतं!"

सोलापुरातलं ते लॉज उतरवून त्याच जागी हॉटेल उभं राहत होतं, आणि त्याचा आराखडा वैष्णवीचा. जुन्याचं जे निघेल ते नव्यात लागलंच पाहिजे, हा तिचा हट्ट. दारांची टेबलं, फाटक्या चादरींची पायपुसणी, आंघोळीचं पाणी गाळून संडासाला. फरशा तर हातानं घडवलेल्या. एकीची कड तिच्या शेजारणीलाच नीट बसायची. म्हणून उखडण्याआधी तिनं एकेकीवर आकडा घातला होता.

बजाबाईचं तोंड उतरलं. तिला आकडे कळत नव्हते असं नाही. पण फरशीवर काही दिसलं, की डोळ्यांच्या आधी हात चालायचे. सारा जन्म लॉजच्या फरशा पुसण्यात गेलेला.

"बजाक्का," निंगप्पा गवंडी हसत म्हणाला, "तू तर सटवीनं कपाळावर लिवलेलंबी घासून काढशील!"

एरवी बजाबाईनं त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. आज तिनं ते ऐकून घेतलं. कारण आजच तिला वैष्णवीकडे एक मागणं मागायचं होतं.

तिचा नवरा कोंडीबा त्याच लॉजवर पाणी भरायचा. नळाला पाणी येईल त्या दिवशी त्याच्या खेपा सुरू व्हायच्या. भटारखान्याच्या दाराशी एका फरशीवर घागर टेकवायची, दम खायचा, आणि मग पुढं जायचं. टेकवून टेकवून त्या दगडात उथळ वाटीएवढा खळगा पडला. कोंडीबा गेला, घागर भंगारात गेली, खळगा राहिला. फरशी पुसताना त्यात पाणी साचायचं, ते बजाबाई सगळ्यात शेवटी टिपून घ्यायची. ती फरशी नव्या भटारखान्याच्या दाराशी बसवा, एवढंच तिचं मागणं. पण आता कोणत्या तोंडानं मागायचं?

निंगप्पा कड जुळवून बघत, उचलत, फिरवत फरशा बसवू लागला. आकडे असते तर भराभर झालं असतं. भरपाई म्हणून बजाबाई दिवसभर त्याच्या हाताखाली राबली. आणि मग ती फरशी हातात आली.

"ही पालथी," निंगप्पा म्हणाला.

"पालथी?"

"खळगा हाय न्हवं का? पानी साचंल. पाव्हना घसरला, की शिव्या निंगप्पाला."

"बरुबर हाय," बजाबाई म्हणाली. पण फरशी काही तिच्या हातून सुटेना.

निंगप्पानं खळग्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "कोंडीबाची न्हवं ही? त्या घागरीचं पानी म्याबी प्यालोय." थोडा थांबून म्हणाला, "पन वर तोंड करून न्हाय लावता यायची, अक्का."

"म्या कुटं म्हनलं लाव म्हनून?"

त्यानं फरशी नव्या भटारखान्याच्या दाराशीच, भिंतीकडच्या कोपऱ्यात धरली. कड जुळत नव्हती. छिन्नीनं थोडी तासून त्यानं ती जुळवली. खाली सिमेंट-वाळूचा माल पसरला. मग, फरशी पालथी घालण्याआधी, खळगा येणार होता तेवढ्या जागेतला माल त्यानं बोटांनी काढून टाकला. बजाबाईनं पाहिलं.

माल सुकल्यावर वैष्णवी काठी घेऊन आली. फरशीखाली माल नीट भरलाय की नाही, ते ठोकून कळतं. भरलेली फरशी ठक्क वाजते, पोकळ असली की डब्ब. ठक्क, ठक्क, ठक्क करत ती दारापर्यंत आली.

डब्ब.

"निंगप्पा, ही पोकळ आहे. तुमची आणि पोकळ?" तिनं खडूनं फरशीवर फुली मारली. "उचला ही."

ज्याची एक फरशी कधी परत उचलावी लागली नव्हती, तो निंगप्पा कान खाजवत उभा राहिला. "काढून घ्या म्हनताय तर काढतो ताई. पन ती चुकून न्हाय ऱ्हायलेली."

"मग?"

शेवटी बजाबाईच बोलली. घागर, खेपा, खळगा. "तुमचे आकडे म्या पुसले. आता ह्ये सांगायचं मला त्वांड न्हाय. उचला तुमी."

वैष्णवी काठीवर हनुवटी टेकून ऐकत होती. तिनं पुन्हा एकदा हळूच ठोकून पाहिलं.

"पाय पडला तर फुटेल, मावशी." मग कोपरा न्याहाळून म्हणाली, "हिच्यावर माठाची तिवई ठेवू. तिवईचे पाय भरीव कडांवर येतील. मग कुणी चालणार नाही हिच्यावरून."

जाता जाता ती दारात वळली. "आणि ती फुली तेवढी पुसा. हे मात्र मी सांगतेय."

बजाबाईनं ओलं फडकं फिरवलं. फुली गेली. फडकं पिळून बाजूला ठेवलं, आणि कुणी बघत नाही असं पाहून बोटाच्या पेरानं फरशीवर टकटक केलं.

खालून डब्ब आवाज आला, तो तिनं वाकून ऐकला.