थिओडोरिकची तीस वर्षं

"आई, आज बाबांना आंघोळ घालू नकोस. दाढीही नको," मालविका फोनवर बजावत होती. "घर आवरू नकोस. विम्याच्या त्या बाईंना खरं दिसलं पाहिजे. फ्लेगेग्राड, म्हणजे देखभालीचा दर्जा मिळाला तर आठवड्यातून तीन दिवस बाबांना केंद्रावर नेतील. तुलाही जरा पाठ टेकता येईल. ऐकतेयस ना?"

"हो गं बाई."

फोन ठेवला आणि विभावरीने गरम पाण्याचा नळ सोडला. परकं माणूस घरी येणार आणि नवरा ओल्या पायजम्यात बसलेला? जर्मनीतल्या कोलोनमध्ये बेचाळीस वर्षं काढूनही हे तिला जमणारं नव्हतं. तिने पद्माकररावांची दाढी केली, त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला. दारांवर चिकटवलेल्या 'संडास', 'इथून बाहेर जायचं नाही' अशा चिठ्ठ्या काढून खणात टाकल्या. वर शिराही केला.

दहाला विम्याच्या फ्राऊ केलर आल्या. दोन महिन्यांत जे एक धड वाक्य बोलले नव्हते, ते पद्माकरराव उठून उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला.

"आज वार कोणता, सांगाल?"

"पेन्शनरला रोजच रविवार, बाईसाहेब."

फ्राऊ केलर हसल्या. "नोकरी कुठे होती?"

झालं. सव्वीस वर्षं ते संग्रहालयात पहारेकरी होते, प्राचीन गॉथ लोकांच्या दालनात. गाइडचं बोलणं ऐकून ऐकून त्यांना सगळं पाठ झालेलं. गाइडला उशीर झाला की शाळेची मुलं यांनाच गराडा घालत. आता ते हात पाठीमागे बांधून पुस्तकांच्या कपाटापुढे उभे राहिले आणि खणखणीत जर्मनमध्ये सुरू झाले.

"हा राजा थिओडोरिक. इतिहास सांगतो, याने इटली जिंकली. शत्रूला मेजवानीला बोलावून स्वतःच्या हाताने मारलं आणि तेहतीस वर्षं राज्य केलं. लोकांच्या कथेत मात्र उलटंच. तिथे याला स्वतःच्याच राज्यातून हाकललं, आणि याने तीस वर्षं परक्याच्या दारात काढली. आता तुम्हीच सांगा, जिंकलेल्या राजाला लोकांनी बेघर का केलं असेल?"

फ्राऊ केलर लिहायच्या थांबल्या होत्या. विभावरीला आधी अभिमानच वाटला. मग मालविकाचं बजावणं आठवलं.

"तुम्हाला ओळखतात ना ते?" फ्राऊ केलरनी तिला हळूच विचारलं.

तीनच महिन्यांपूर्वी त्यांनी शेजारणीला विचारलं होतं, माझ्या स्वयंपाकघरात ही बाई कोण आहे म्हणून. आत्ता ते विभावरीकडेच बघत होते, वर्गात पहिला आलेल्या मुलासारखे. त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं?

"हो," ती म्हणाली.

फ्राऊ केलरनी दोन चमचे शिरा खाल्ला. निघताना म्हणाल्या, "किती छान चाललंय तुमचं. अनेक घरांत असं नसतं."

त्या जिना उतरल्या. विभावरीने चहाचं आधण ठेवलं. "अहो, बसा आता. दमलात."

पद्माकररावांनी रिकाम्या मनगटाकडे पाहिलं. "बाईसाहेब, संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली," ते जर्मनमध्ये अदबीने म्हणाले.

"अहो, मी विभा."

"उद्या दहाला उघडतं."

तिच्या कोपराला जेमतेम बोट लावत त्यांनी तिला दाराबाहेर नेलं. दार लागलं. ते बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही, आणि किल्ली आत खुंटीवर होती.

"अहो, दार उघडा. आत आधण आहे."

आतून आवाज आला, "सभ्य स्त्री-पुरुषहो, हा राजा थिओडोरिक."

जिन्याच्या खिडकीतून खाली फ्राऊ केलर दिसत होत्या. मोटारीत बॅग ठेवत होत्या. विभावरीने खिडकी उघडली. जे नवऱ्यासमोर हळू बोलता आलं नाही, ते आता साऱ्या अंगणाला ऐकवायचं होतं.

"फ्राऊ केलर," ती ओरडली, "माझा नवरा मला ओळखत नाही."

समोरच्या घरातला पडदा हलला. फ्राऊ केलरनी वर पाहिलं, मग बॅग परत बाहेर काढली. जिन्यावर पावलं वाजू लागली.

विभावरी दारापासून बाजूला सरली, त्यांना नीट ऐकू यावं म्हणून. आत ते तिसाव्या वर्षापर्यंत पोचले होते, आणि त्यांचं जर्मन अजूनही अगदी स्वच्छ होतं.