सवतीचा घास

लकडगंजातल्या लाकडं चिरणाऱ्या आरामशीनमागे, भुशाच्या ढिगाऱ्यांमध्ये, शनिवारी संध्याकाळी नुसती मुंडकीच मुंडकी! बायका टाचा उंचावत होत्या, गडीमाणसं ओंडक्यांवर चढली होती. मधोमध सागवानी पाटावर, पायांत खडावा घालून अंगारेबाबा बसला होता आणि त्याच्यासमोर मान खाली घालून मनकर्णाकाकू. तिच्या गळ्यातला, बाईची आकृती उमटवलेला चांदीचा टाक बाबाने काढून ताटलीत ठेवला होता.

हा टाक म्हणजे काकूची सवत. गोपाळरावकाकांची पहिली बायको, कौसल्या, तापाने गेली. दुसरी म्हणून मनकर्णा आली, तेव्हा रिवाजाप्रमाणे कौसल्येच्या नावाचा टाक तिच्या गळ्यात बांधला गेला. आणि गेला महिनाभर, दिवा मालवला की कौसल्या यायची. छातीवर बसायची, नेमकी टाक टेकतो तिथेच विस्तव लावायची, आंबट पाणी घशापर्यंत आणायची. काकू घुसमटून उठायची आणि पहाटेपर्यंत भिंतीला टेकून बसायची. दारामागे टांगलेलं लुगडं तिला बाई वाटायचं.

"बोल! काहून छळून राहिली हिले?" बाबा गरजला. त्याने टाकावर चिमूटभर अंगारा टाकला, वरून लिंबू पिळलं.

अन् काय सांगू! टाक फसफसला! पांढरा फेस ताटलीच्या काठापर्यंत आला.

"सवत बोलून राहिली!" बाबा म्हणाला. "आलतूफालतू भूत नाही बाप्पा, लग्नाची बायको हाये! रेशनकार्डावरून नाव कटते, छातीवरून कटत नाही!" मग उरलेला अंगारा पाण्यात कालवून त्याने काकूला पाजला. काकूने असा दणदणीत ढेकर दिला की ओंडक्यावरचा एक जण घसरला.

"निघाली! निघाली!" गर्दी ओरडली. काकूच्या चेहऱ्यावर खरंच आराम आला.

इतवारीत काका-काकूंकडे राहून नववीत शिकणारी पुतणी शामला तिथेच उभी होती. तिच्याही अंगावर काटा आला. खोटं कशाला बोला?

"भुकेली हाये ते," अंगाऱ्याची पुडी हाती देत बाबाने महिन्यापूर्वीचाच हुकूम पुन्हा बजावला. "तिच्या आवडीचा घास रोज रात्री हिच्या तोंडून गेला पाहिजे. घास खाल्ला का लगेच आडवं व्हायचं. इतकं करून आली, त पुढच्या शनिवारी हाच टाक लाल करून छातीवर टेकवू. डाग बसला का सवत बसली!"

काकांनी मान डोलावली. काकूने पदराखाली छातीवर हात ठेवला.

कौसल्येच्या आवडीचा घास म्हणजे बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात, वरून तिखट फोडणीच्या तेलाची धार. आपलं जेवण झाल्यावर काकूने तो रोजच्यासारखा वाडगाभर खाल्ला आणि बाबाच्या हुकमाप्रमाणे आडवी झाली.

रात्री घशातला तो घोगरा आवाज आलाच. शामला धडपडत उठली. अंधारात काकू बसलेली, डोळे दाराकडे.

"आली वं शामला. मी तिची जागा घेतली न, म्हणून आली. मले डाग देतीन आता."

शामलाने अंगाऱ्याची पुडी सोडली, पाण्यात कालवली. काकूला लगेच ढेकर आला. तो ऐकून शामलाला भलतंच आठवलं: काका गोटी सोडा प्यायले की अस्साच ढेकर देतात! तिने बोटावरचा अंगारा चाटला. राखेत खारट चव. भज्यांच्या पिठात पडतो तो खाण्याचा सोडा! अन् सोड्यावर लिंबू पिळलं तर काय होतं, हे विज्ञानाच्या बाईंनी वर्गात करून दाखवलं होतं.

पण मग काकूची छाती का जळते? त्याचं उत्तर सोड्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती काकूला दवाखान्यात घेऊन गेली.

छातीवर बसणाऱ्या सवतीची हकीकत ऐकून इंदुताई डॉक्टरांनी आजवर कोणीच न विचारलेलं विचारलं. "झोपण्याआधी काय खाता?"

"गोळाभात. माह्या भुकेचा नाही जी, तिच्या वाट्याचा."

"आणि मग?"

"मंग आडवी होतो."

"आणि उठून बसलात की बरं वाटतं? मग हे कसलं भूत, बसलेल्या बाईला भिणारं?" इंदुताई हसल्या. "अहो, जठराच्या तोंडाशी एक झडप असते. पोट गच्च भरून आडवं झालं की ती ढिली पडते आणि आम्ल वर येतं, छाती जाळतं. सोड्याने घटकाभर विझतं, पुन्हा पेटतं. रात्री लवकर जेवा, थोडं जेवा, लगेच निजू नका. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा. तरी थांबलं नाही तर परत या, तपासू."

काका भडकले. "कौसल्येले उपाशी ठेवता काय?"

"सकाळी वाढू न, काका," शामला म्हणाली. "मेलेल्या माणसाले घड्याळ कायले?"

विटा मात्र काकांनीच लावल्या, बडबडत.

पहिल्या रात्री थोडं जळजळलं, पण आठवडा सरता सरता काकू सकाळपर्यंत झोपू लागली. शामलालाच झोप येईना. घोगरा आवाज नाही, कण्हणं नाही. त्या शांततेचीच तिला भीती वाटे.

शनिवारी काकांनी पुन्हा काकूला उभं केलं. "बरं वाटून राहिलं, ते बाबाच्या अंगाऱ्यानं. आता पुरतं करून टाकू."

आरामशीनमागे शेगडी धगधगत होती. चिमट्यातला टाक लाल होत होता. "दबा धरून बसली हाये!" बाबा ओरडला. "पदर सरकव, बाई!"

काकूचे ओठ पांढरे पडले.

शामला पुढे घुसली. तिने पुडीतला अंगारा सरळ बाबाच्या खडावांवर ओतला आणि त्याच्याच ताटलीतलं लिंबू पिळलं. खडावा फसफसल्या!

"बाबा, तुमच्या खडावात कोणाची सवत बसली जी?"

मागून कोणी तरी फिस्सकन हसलं. एका म्हातारीने पुडी हिसकावून चिमूट जिभेवर ठेवली.

"अगं माय! हा त खाण्याचा सोडा!"

"पोट्टीवर चढली! सवत तिच्यावर चढली!" बाबा किंचाळला.

"मंग मलेच डाग द्या," शामला म्हणाली. "काकूची छाती तुमच्याच हुकमानं जळत होती. जेवणावर जेवण चारायचं, आडवं पाडायचं, अन् वरून भूत काढायचं!"

बाबा काकांकडे वळला. काका लाल टाकाकडे बघत होते. त्यावरची ती एवढीशी बाई आगीत चमकत होती. त्यांनी चिमटा हिसकावला आणि बादलीत बुडवला. मोठ्ठा चर्रर्र आवाज झाला.

"कौसल्या मुंगीलेही दुखवत नव्हती," ते पुटपुटले. "म्या कसं मानलं?"

सकाळी काकूने टाकासमोर गोळाभात ठेवला. "बाई," ती हळूच म्हणाली, "तू त कधी आलीच नव्हती. म्या उगाच तुह्यावर आळ घेतला."

वाचणाऱ्यांनो, भूत येतं म्हणता? मग हात जोडण्याआधी विचारा: कधी येतं, काय खाल्ल्यावर येतं, बसल्यावर का पळतं? उत्तर सापडलं नाही तर डॉक्टरला विचारा. पण मेलेल्यांना बदनाम करू नका आणि जित्यांना डागू नका. त्या रात्री शामलाने दिवा मालवण्याआधी उठून दारामागे हात लावून पाहिलं. लुगडंच होतं.