चौथऱ्याखालचे पाणी

टाकी काळी होती, पाचशे लिटरची, आणि तिच्यावर हाजी मुनसुर सरदारांचे नाव पांढऱ्या रंगात लिहिलेले होते. रोमेसा बीबीच्या अंगणात ती उतरवून घेताना सरदारांचा मुकादम लियाकत म्हणाला, "चाची, आता गोड्या पाण्यासाठी दोन कोस वणवण नको. हाजीसाहेबांनी भरूनच पाठवलीय."

"आणि बदल्यात?"

"बदल्यात कसलं, चाची. शुक्रवारी तोराबचाचांच्या नावाचा चौथरा उघडायचाय बांधावर. तुम्ही पडदा ओढायचा आणि दोन शब्द बोलायचे. वादळ आलं, अल्लाची मर्जी होती, एवढंच."

वादळ आले होते हे खरे. पण नदीचा बांध वादळाने फुटला नव्हता. सरदारांच्या कोळंबीला खारे पाणी लागते, म्हणून त्यांनी बांधाच्या पोटातून नळ घातला होता. नळाच्या कडेची माती ढिली होत गेली आणि गेल्या वर्षी उधाणाच्या भरतीला नेमकी तिथेच खांड पडली. मशिदीच्या भोंग्यावरून हाक गेली. फावडी-घमेली घेऊन तीनशे माणसे धावली, पण टाकलेली माती टिकेना. तेव्हा रोमेसाचा नवरा तोराब गाझी खांडीत उतरला आणि पाण्याला पाठ देऊन बसला. त्याच्या शेजारी आणखी अकरा जण बसले. तासाभराने वरचा कडा खचू लागला, तसे अकरा जण उठले. तोराब भोकाच्या तोंडाशी होता. तो उठला असता तर सगळी माती वाहून गेली असती. तो उठला नाही. बांध राहिला, बांधाआडची चार गावे राहिली.

त्या तासाभरात सरदारांची माणसे तळ्यांतली कोळंबी जाळ्यांनी काढून होड्यांत भरत होती. एकाच्याही हातात फावडे नव्हते.

तोराबच्या चाळिसाव्याला मशिदीसमोर सगळ्या गावाने शपथ घेतली की बांधात पुन्हा नळ घालायचा नाही. सरदारांनीही कुराणावर हात ठेवला होता. डोळेसुद्धा पुसले होते.

आता चैत्र निम्मा सरला होता. चार महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता, तरी सरदारांची तळी काठोकाठ भरलेली होती. खोल बोअर मारलीय, असे लियाकत सांगे. रोमेसाच्या दारातल्या लहानशा तळ्यात, पुकुरात, मात्र महिनाभर, खाऱ्या पाण्यात होते तसे, साबणाला फेस येत नव्हता आणि बदके पाण्यात उतरून लगेच बाहेर येत होती.

गुरुवारी ती शेजारच्या निरापद मंडलच्या ओट्यावर जाऊन बसली. निरापदचे सगळे आयुष्य बांधावर माती टाकण्यात गेले होते. वादळात बसलेल्या अकरांपैकी तो एक.

"निरापददादा, तो चौथरा बांधला कुणी?"

"शहरातून गवंडी आणले होते. चारी बाजूंनी पत्रे लावून आठवडाभर काम. या गावात कुत्र्यालाही माती कालवता येते, आणि गवंडी शहरातून." तो थुंकला. "बोहल्यावरच्या नवरीलासुद्धा एवढं झाकत नाहीत."

"जागा कुठली निवडली?"

"खांडीचीच. मान म्हणून."

रोमेसाने बांधाकडे पाहिले. मग निरापद म्हणाला, "भाबी, तुझ्या अंगणात टाकी आलीय. उगाच बोलून काय उपयोग? उद्या चौथऱ्याखाली काही नसलं तर तू खोटी पडशील, आणि टाकीही जाईल."

"आणि असलं तर?"

खांड पुन्हा पडली तर कोण बसणार, हे दोघांनाही माहीत होते. सरदार बसणार नव्हते.

घरी येऊन रोमेसाने उतरंडीतले खालचे मडके काढले. त्यात तूस होते. गावात भात पिकून सात वर्षे झाली होती. शेवटच्या भाताचे तूस तिने अंडी ठेवायला जपले होते. अंडी तिने टोपलीत काढून ठेवली आणि तूस ओच्यात बांधले.

शुक्रवारी नमाजानंतर सगळे गाव बांधावर जमले. भरती चढत होती. जिलब्यांच्या परातींवर जाळी टाकलेली होती. चौथरा छातीएवढा उंच, पांढऱ्या फरशांचा, मागच्या अंगाला लोखंडी दार आणि त्याला कुलूप. पुढे संगमरवरी पाटी. सरदार पांढऱ्याशुभ्र लांब कुडत्यात उभे होते. त्यांच्या चपलांना चिखल लागू नये म्हणून फळ्या अंथरल्या होत्या.

"तोराब गाझी माझा भाऊ होता," सरदार भोंग्यात म्हणाले. "अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. भाबी, या."

रोमेसाने पडदा ओढला. लोकांनी दुवा मागितली. लियाकतने भोंगा तिच्यासमोर धरला. तिने तो हाताने बाजूला केला आणि चौथऱ्याला वळसा घालून नदीच्या उतारावर गुडघाभर पाण्यात उतरली. ओचा सोडून तिने मूठभर तूस पाण्यावर टाकले.

बांधावर पाय ठेवलेल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळला. खेकड्याने किंवा घुशीने बांध पोखरला की भोक डोळ्यांना दिसत नाही. तूस टाकले की ते जिथे ओढले जाते तिथे भोक. गर्दीची कुजबुज थांबली. जिलब्या वाटणारा थांबला.

सरदारांना काही कळले नाही. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या कुणी चिखलात उभे राहिले नव्हते. लियाकत पुढे धावला तशी त्यांनी त्याची बाही धरली. "टाकू दे रे. बिचारीची काही रीत असेल."

तूस आधी प्रवाहाबरोबर सरकले. मग अडले. एका जागी गोल फिरू लागले, चौथऱ्याच्या बरोबर खाली, आणि मधोमध बुडू लागले. रोमेसाने उरलेले सगळे टाकले. तेही गेले.

निरापद कुणाशी न बोलता बांधाच्या आतल्या अंगाने उतरला आणि सरदारांच्या तळ्याच्या काठी जाऊन बसला. सगळे त्याच्याकडे पाहत होते. बऱ्याच वेळाने त्याने पाण्यात हात घातला आणि ओंजळ वर धरली. ओंजळीत तूस होते.

"हाजीसाहेब," तो खालून म्हणाला, "तुमच्या बोअरला भात लागलाय."

कुलूप फोडायला फावड्याचे दोन घाव लागले. आत विटांचा खड्डा होता, खड्ड्यात नळ आणि नळावर लोखंडी चाक. निरापदने वर येऊन चाक फिरवून बंद केले. "आता ओहोटीची वाट बघा," तो म्हणाला. "मग खणू. घाईत खणलं तर आपणच खांड पाडू." एवढा राग असूनही सगळे थांबले. बांधावरची माणसे ती.

सरदार गेले नाहीत. बहुधा जाता येईना. फळ्यांवर आता गावकरी उभे होते. "नळ छोटा आहे," ते म्हणत राहिले. "नव्या पद्धतीचा आहे. चौथरा तर आधारच देतो बांधाला. भाबी, तुम्ही तरी सांगा."

"तुम्ही त्याच्या नावाला दरवाजा बसवलात," रोमेसा म्हणाली. "कुलूप लावलंत. किल्ली खिशात घालून दुवा मागितलीत. मी आता काय सांगू?"

ओहोटी लागली तशी ती घरी गेली. टाकीतले पाणी तिने घरोघरच्या बायकांना बोलावून वाटले, घागरी-कळशा भरून, शेवटचा तांब्यासुद्धा. मग रिकामी टाकी चौघांनी बांधावर लोळवत नेली. तोवर चौथरा पाडून झाला होता आणि नळ उपसून बाहेर आला होता. खाली कमरेएवढा खड्डा उरला होता. मातीने भरलेली टाकी त्यात बरोबर बसणार होती.

"ती टाकी तुम्हाला दिली होती," सरदार म्हणाले.

"म्हणूनच आणली."

संगमरवरी पाटी तेवढी काठावर उरली होती. एकाने ती उचलून विचारले, "चाची, ही मशिदीत लावायची?"

रोमेसाने पाटी हातात घेतली, नाव खाली करून खड्ड्याच्या तळाशी ठेवली, आणि तिच्यावर पहिले घमेले ओतले.

"राहू दे तिथेच," ती म्हणाली. "त्याला सवय आहे बसायची."