माझ्या पोटात भरलेली बैठक

मित्रांनो, मी एक जुने प्रवासी जेट विमान आहे. मी निवृत्त व्हावे की नाही हे ठरवणारी बैठक माझ्याच पोटात, माझ्याच आसनांवर बसून झाली. त्या दिवशी मला एक शब्दही बोलता आला नाही. म्हणून आज बोलते.

माझा जन्म एका प्रचंड कारखान्यात झाला. पातळ पत्र्यांवर हजारो रिव्हेट मारून कारागिरांनी माझे अंग घडवले. माझ्या जातीच्या पहिल्या भावंडाला तर कधी उडायलाच मिळाले नाही. पंख किती ताण सहन करतात हे कळावे म्हणून त्याचे पंख मोडेपर्यंत वाकवून पाहिले. त्याच्या मोडण्यावर आम्हा सर्वांचे उडणे उभे राहिले. हे मी कधी विसरले नाही.

तुमचे वय वर्षांत मोजतात, माझे उड्डाणांत. फार उंचावर हवा विरळ असते. म्हणून प्रवाशांना श्वास घेता यावा यासाठी माझ्या पोटात हवा दाबून भरतात. दर उड्डाणाला मी किंचित फुगते आणि खाली आले की ओसरते. तारेचा तुकडा पुन्हा पुन्हा वाकवून तुम्ही कधी तोडला असेल. धातू असाच थकतो. मात्र वेळच्या वेळी तपासणी झाली, थकलेला पत्रा बदलला, तर माझ्यासारखे विमान दीर्घकाळ निर्धोक उडू शकते. माझ्या लहानशा कंपनीने ही काळजी नेकीने घेतली. प्रवासी माझे कौतुक करत. पुढे आसनांचे हात झिजले, आवाज वाढला आणि कौतुकाची जागा कुरकुरीने घेतली. तरी वैमानिकांची माझ्यावर माया होती. त्यांतले आप्पा तर तरुणपणी सहवैमानिक म्हणून माझ्या उजव्या खुर्चीवर बसले आणि कॅप्टन होऊन डाव्या खुर्चीवर आले. त्यांना सगळेच आप्पा म्हणत, त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेले तंत्रज्ञसुद्धा.

मग आमची लहान कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. रंगाऱ्यांनी आधी माझे फक्त शेपूट नव्या रंगात रंगवले. धड माहेरचे आणि शेपूट सासरचे, अशा अवतारात मी बरेच दिवस उडत होते.

मोठ्या कंपनीकडे माझ्याच जातीची, पण तरुण विमाने होती. बाहेरून पाहणाऱ्याला आम्ही जुळी भावंडे वाटलो असतो. आत मात्र भेद होता. प्रत्येक कंपनी आपल्या पसंतीनुसार कॉकपिट मांडून घेते. वैमानिकांच्या डोक्यावर, छताला जे खटके असतात, ते माझ्यात पुढे ढकलले की चालू होत. मोठ्या कंपनीच्या विमानांत तेच खटके मागे ओढले की चालू होत. विलीनीकरणानंतर सर्वांना या फरकाचा वर्ग दिला गेला. कागदावर तो अर्ध्या पानात मावत होता. पण मित्रांनो, हाताला कागद वाचता येत नाही.

आम्ही जुनी विमाने सहा होतो. आम्हाला कधी थांबवायचे, यावरून वैमानिकांत दोन तट पडले. विलीनीकरणाच्या करारात एक अट होती. आम्ही सहा जणे उडत आहोत तोपर्यंतच आमच्या कंपनीचे कॅप्टन कॅप्टन राहणार होते. आम्ही थांबलो की त्यांना मोठ्या कंपनीच्या रांगेत शेवटी उभे राहावे लागणार होते, म्हणजे पुन्हा उजवी खुर्ची. आमच्या जागी येणाऱ्या विमानांच्या डाव्या खुर्च्या मोठ्या कंपनीच्या वैमानिकांना मिळणार होत्या. आप्पांच्या नोकरीची चार वर्षे उरली होती. मी उडत राहिले तर ती डाव्या खुर्चीवर सरणार होती, नाहीतर उजव्या.

बैठकीच्या आदल्या दिवशी आप्पांच्या शेजारी मोठ्या कंपनीची एक तरुण सहवैमानिक होती. आता एक वैमानिक या कंपनीचा, एक त्या कंपनीचा अशा मिश्र जोड्या लावत, आणि त्यासाठी ती परीक्षाकाळात होती. एक वाईट शेरा आला असता तर तिला घरी बसावे लागले असते. आम्ही दाट ढगांतून खाली येत होतो. अशा ढगांत इंजिनाच्या तोंडाशी बर्फ साचतो, म्हणून तिथे गरम हवा खेळवतात. त्या यंत्रणेला बर्फरोधक म्हणतात. आप्पांनी तिचा खटका आधीच पुढे ढकलून ठेवला होता.

सहवैमानिक तपासणीची यादी वाचू लागली. ‘‘बर्फरोधक,’’ असे म्हणून तिने वर पाहिले. खटका पुढे होता. तिच्या डोळ्यांना तो बंद दिसला. तिने सहज हात उचलला आणि खटका मागे ओढला. शेजारचा दिवा विझला. माझ्यात तो दिवा यंत्रणा चालू असल्याची खूण होता, तिच्या विमानांत मात्र दिवा विझला की काम झाले असे समजतात.

‘‘चालू,’’ ती म्हणाली.

‘‘बरं,’’ आप्पा म्हणाले. त्यांनी वर पाहिले नाही.

मला सगळे कळत होते. इंजिनाच्या ओठांवर गारठा चढत होता. पापुद्र्यावर पापुद्रा साचत होता आणि मला ओरडता येत नव्हते. अखेर बर्फाचा एक मोठा तुकडा सुटून डाव्या इंजिनाच्या पंख्यात गेला. तोफेसारखा आवाज झाला. मी शेपटापर्यंत थरथरले. प्रवासी किंचाळले.

‘‘डावं इंजिन! कंप वाढतोय!’’ सहवैमानिक म्हणाली.

आप्पांनी डाव्या इंजिनाचा जोर उतरवला, वर पाहिले आणि खटका पुढे ढकलला. सहवैमानिकेने ते पाहिले. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

‘‘आप्पा, मी...’’

‘‘नंतर. आधी उंची सांग. सांगत राहा.’’

ती उंची सांगत राहिली, आणि एका इंजिनाच्या बळावर मी धावपट्टीवर उतरले. कोणाला खरचटलेही नाही.

दुसऱ्या दिवशीची बैठक आधीच ठरलेली होती. मोठ्या कंपनीच्या वैमानिकांचा पुढारी छपराखालीही कपाळावर काळा चष्मा ठेवून फिरे, म्हणून त्याला गॉगल म्हणत. सर्वांनी डाव्या इंजिनाच्या पंख्याची वाकलेली पाती डोळ्यांनी पाहावीत असा त्याने आग्रह धरला. हँगरमध्ये, म्हणजे आमच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये, ठोकाठोक चालू होती, त्यामुळे पाती पाहून झाल्यावर सगळे माझ्यातच येऊन बसले. मधल्या वाटेच्या एका बाजूला आमचे वैमानिक, दुसऱ्या बाजूला त्यांचे. सहवैमानिक शेवटच्या रांगेत एकटीच बसली. मुख्य वैमानिक बाई पुढे उभ्या राहिल्या.

आमच्या बाजूचा पुढारी त्याच्या आवाजामुळे नगारा या नावाने ओळखला जाई. त्यानेच तोंड उघडले. ‘‘इतकी वर्षं उडतंय हे. कधी दगा दिलाय?’’

‘‘काल दिला की!’’ गॉगल म्हणाला. ‘‘पाती पाहिलीत ना? केळीच्या सालीसारखी वळलीत.’’

‘‘पाती कुठल्याही इंजिनाची वाकतात.’’

‘‘वा! म्हातारा पडला की दोष फरशीला!’’

‘‘आणि तुम्ही फरशीवर तेल ओतून म्हणणार, म्हातारा पडला!’’

‘‘नगारासाहेब, खरं बोला. तुम्हाला विमानाची काळजी नाही, खुर्चीची आहे.’’

‘‘आणि तुमचा डोळा कशावर आहे हो? चष्मा डोळ्यांवर घ्या म्हणजे आम्हाला दिसणार नाही!’’

‘‘पुरे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘काल विमानात तुमच्यापैकी कोणी नव्हतं. आप्पा होते. आप्पा, तुम्ही सांगा. विमान थकलंय का?’’

मित्रांनो, माझे सारे रिव्हेट त्या क्षणी ताणले गेले. माझ्या नोंदयंत्राला त्या खटक्याची नोंद घेता येत नव्हती, इतके ते जुने होते. खरे काय झाले हे फक्त दोघांना ठाऊक होते. आप्पांनी ‘विमान थकलंय’ म्हटले असते तर ती मुलगी वाचली असती आणि मी गेले असते. त्यांनी ‘हिने खटका बंद केला’ एवढेच म्हटले असते तर मी वाचले असते, आप्पांची खुर्चीही वाचली असती, आणि ती संपली असती. मी मनात काय म्हणत होते ते सांगायला मला लाज वाटते. मी म्हणत होते, आप्पा, तिचे नाव घ्या.

सहवैमानिक उठून उभी राहिली. ‘‘बाई, मला बोलायचंय...’’

‘‘बस गं. मला विचारलंय,’’ आप्पा म्हणाले. ‘‘विमान थकलेलं नव्हतं. बर्फ साचला, कारण बर्फरोधक बंद होता.’’

‘‘बंद? कोणी केला?’’ नगारा अर्धा उठला. ‘‘त्या पोरीनेच ना? बोला ना आप्पा, घाबरता कशाला!’’

‘‘तिने चालू केला,’’ आप्पा म्हणाले. ‘‘तिच्या विमानात जे चालू, ते आपल्यात बंद. ती ‘चालू’ म्हणाली आणि मी वर न बघता ‘बरं’ म्हटलं. बघणं माझं काम होतं.’’

‘‘मग विमान निर्दोष!’’ नगारा गरजला. ‘‘उपाय सोपा आहे. सहाही विमानांचे खटके उलटे बसवा. विमानं राहतील.’’

आमच्या बाजूने टाळ्या वाजल्या. मलाही वाटले, सुटले.

‘‘नगाऱ्या, डोळे मीट,’’ आप्पा म्हणाले.

‘‘हा काय पोरखेळ?’’

‘‘मीट तरी. सगळ्यांनीच मिटा. ढगात आहोत, धक्के बसताहेत. बर्फरोधक चालू करा.’’

डोळे मिटलेल्या माणसांचे हात माझ्या छताकडे उठले. वाटेच्या एका बाजूचे सगळे हात पुढे गेले. दुसऱ्या बाजूचे सगळे मागे आले.

‘‘हात तसेच ठेवा आणि डोळे उघडा.’’

नगारा आपल्या हाताकडे पाहत राहिला, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता. गॉगलने आपला हात हळूच खाली घेतला.

‘‘काल तिचा हात चुकला. खटके उलटे केले तर उद्या तुझा चुकेल,’’ आप्पा म्हणाले. ‘‘एका कंपनीत दोन तऱ्हा चालणार नाहीत. त्यांची विमानं ढीगभर, आपली सहा. या हंगामाअखेर आपली थांबवा. तोवर ती आपलेच लोक उडवतील, जोड्या मिसळू नका.’’

‘‘आप्पा,’’ नगाऱ्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, ‘‘तुमची खुर्ची जाईल.’’

‘‘जाईल ना.’’

‘‘मग?’’

‘‘मग उजवीकडे बसेन. खिडकी तिकडेही आहे.’’

बाईंनी विचारले, ‘‘अहवालात नाव कोणाचं लिहाल?’’

‘‘दोघांचं. माझं वर.’’

आप्पांच्या सूचनेवर मतदान झाले. शेवटी नगाऱ्याचाही हात वर गेला. सहवैमानिकेचा परीक्षाकाळ वाढवला गेला, पण ती नोकरीत राहिली. सगळे उतरून गेल्यावर आप्पा बराच वेळ पहिल्या रांगेत बसून होते. मी त्यांच्यावर फार रागावले होते. ज्याने माझी बाजू घ्यावी त्यानेच मला थांबवले होते. पण पुढच्या उड्डाणात एक बाळ माझ्या खिडकीशी निजले होते, तेव्हा मला उमगले. त्यांनी त्या बाळाची बाजू घेतली होती. माझे सारे आयुष्य तरी दुसऱ्या कोणत्या कामात गेले होते?

हंगाम संपला. शेवटचे उड्डाण करून आप्पा जिना उतरले, तेव्हा ती सहवैमानिक खाली वाट पाहत होती.

‘‘उद्यापासून कुठे, आप्पा?’’

‘‘वर्गात. तुमचे खटके शिकायचे. या वयात हात उलटा वळवायचाय.’’

‘‘मी बसेन तुमच्याबरोबर. सराव करून घेईन.’’

‘‘घे. पण चुकलो तर हातावर पट्टी नको मारूस.’’

दोघे हसत गेले. त्यांनी मागे वळून पाहिले नाही आणि मला त्याचे वाईट वाटले नाही.

आता मी एका तंत्रनिकेतनाच्या आवारात उभे आहे. माझी इंजिने काढून नेली आहेत. विद्यार्थी माझे पत्रे उघडतात, पुन्हा बसवतात. कधी एखादा स्क्रू हरवतात, तेव्हा मी मनात चरफडते.

मित्रांनो, एक विनंती आहे. एखादी वस्तू जुनी झाली म्हणून तिला हिणवू नका. तिला पुसा, तपासा, तिचे थकलेले भाग बदला. दोघांनी मिळून ती वापरायची असेल, तर दुसऱ्याच्या हाताला कोणती सवय आहे ते आधी विचारा. आणि तिला थांबवण्याची वेळ आली, तर तिच्यावरच्या मायेपोटी खरे लपवू नका. आम्हा यंत्रांना तुमची माया समजते. पण आकाशात आम्हाला तोलून धरते ते फक्त खरे.