सातवा मुद्दा

आमच्या वाचनालयात पुस्तक परत करताना मत लिहावं लागतं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी ग्रंथपालबाईंनी एक रेघी कागद चिकटवलेला असतो. त्यावर निदान एक ओळ लिहिल्याशिवाय त्या पुढचं पुस्तक देत नाहीत. नाव लिहायचं नाही, लिहिलेलं खोडायचं नाही, आणि कागद फाडायचा तर विचारही करायचा नाही.

ती भयकादंबरी माझ्या हाती आली तेव्हा तिचा कागद अर्धा भरला होता. गोष्ट एका लहान गावाची. जलशुद्धीकरण केंद्राचा रखवालदार रोज पाण्यात काहीतरी थेंबभर मिसळतो आणि गावातली माणसं एकेक करून आपल्याच माणसांना विसरत जातात. आई मुलाला दारात अडवून विचारते, कोण पाहिजे? लेखक कुठला तरी दूरचा, आमच्या गावात कधी पाऊलही न टाकलेला. मतं मात्र झकास होती. 'पान ११२ नंतर दिवा मालवायचं धाडस झालं नाही.' 'जावयाला वाचायला दिली. दोन दिवस घरात शांतता. उपयुक्त पुस्तक.' आणि सगळ्यात खाली, ठसठशीत अक्षरांत: 'तपशील बनावट. असं केंद्र कुठेही नसतं.'

हे मला खटकलं. मी रसायनशास्त्राची पदवीधर. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि दर सोमवारी नमुने घ्यायला गावच्या केंद्रावर जाते. असं केंद्र असतं, हे मला पक्कं माहीत होतं. मी लिहिलं, 'तपशील अचूक आहेत. आपल्याच केंद्राशी पुढील मुद्दे जुळतात,' आणि खाली नऊ मुद्दे मांडले. लोखंडी दार आतल्या बाजूला उघडतं. क्लोरीनचं सिलिंडर डावीकडे. हौदाकडे उतरायला अकरा पायऱ्या. सातवा मुद्दा असा होता: 'रखवालदार पिण्याच्या पाण्याची बाटली वेगळी ठेवतो, कुणाला देत नाही.'

आमच्या केंद्रावरच्या रखवालदाराला सगळं गाव टाकीकाका म्हणतं. सव्वीस वर्षं ते तिथेच, केंद्रामागच्या दोन खोल्यांत राहतात. त्यांना मूतखड्याचा त्रास आहे. दिवसाला तीन लिटर पाणी मोजून प्या असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून बाटलीवर त्यांनी रंगाने रेघा मारल्यात. दुसऱ्या कुणी घोट घेतला की हिशेब चुकतो. बाटली भरतात ती केंद्राच्याच नळावर. हे सगळं मला ठाऊक होतं. पण कागदावर ओळ संपली होती आणि मला आठवा मुद्दा लिहायची घाई होती.

दीड महिन्याने बाईंनी मला बोलावून कागद दाखवला. माझ्या नऊ मुद्द्यांखाली वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'म्हणजे आपलंच गाव.' 'मग माणूसही आपलाच.' 'बाटलीचं मी स्वतः पाहिलंय.' 'कुठेतरी पाणी मुरतंय.' पहिल्या दोन मतांत थट्टा असावी. शेवटच्यात नव्हती: 'माझ्या आईला तीन महिन्यांपासून नावं आठवत नाहीत.'

तोवर पराचा कावळा होऊन तो गावभर उडत होता. बाजारपेठेतल्या दुकानांत विकतच्या पाण्याचे कॅन आले होते. केंद्राच्या कुंपणापाशी खेळणारी मुलं दिसेनाशी झाली होती. मी नोटीस बोर्डावर तपासणीचा अहवाल लावला, सगळे आकडे मर्यादेत. कागदावर नवी ओळ आली: 'अहवाल देणारी आणि मुद्दे लिहिणारी एकच की.' लिहिलं मीच होतं हे अक्षरावरून सगळ्यांनी ताडलं होतं.

पुढच्या सोमवारी काकांनी नेहमीसारखं "या, सायंटिस्ट" म्हटलं नाही. मी नमुन्याची बाटली भरून होईपर्यंत ते दाराशी उभे राहिले.

"तू लिहिलंस?"

"हो, काका."

"बाटलीचं खोटं नाही. पण कारण का नाही लिहिलंस?"

"जागा नव्हती," मी म्हटलं. खरं तेच होतं, पण ऐकताना माझं मलाच कसंसं झालं.

गावाच्या बोलण्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणाले, चार दिवसांनी दुसरं काही सापडेल. त्यांना लागलं होतं ते वेगळंच. त्यांची भाची गावातच राहते. तिच्या दोन मुली दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे येत, हौदात पडणारं पाणी बघत, जेवून जात. एकट्या जिवाला तेवढंच माणसांचं येणंजाणं. पाच रविवार त्या आल्या नव्हत्या. भाची फोनवर म्हणत होती, मामा, परीक्षा आहेत हो. धाकटी पहिलीत आहे, काका म्हणाले, पहिलीत कसल्या पाच आठवडे परीक्षा?

मी म्हटलं, मी येते, मी तिला समजावते. बाटलीचं कारण, क्लोरीनचं प्रमाण, पुस्तकात लिहिलेलं औषध जगात अस्तित्वातच नाही हे, सगळं क्रमाने सांगायचं मी ठरवलं होतं.

रविवारी आम्ही गेलो. भाचीने बसायला सांगितलं, माझं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. पाणी तिने कॅनमधलं आणलं. काकांनी तो पेला बाजूला ठेवला, स्वयंपाकघरात गेले आणि तिच्या नळाखाली दुसरा पेला धरून गटागटा प्यायले. मग आणखी एक. मुली दारात उभ्या राहून बघत होत्या.

"बघा," काका म्हणाले, "झालं काही मला?"

धाकटीने विचारलं, "मग माझं नाव सांगा."

काका तिला कधीच नावाने हाक मारत नसत. दर वेळी नवं काहीतरी, त्यावर ती चिडणार, मग सगळे हसणार, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा खेळ. त्यांनी डोकं खाजवलं, छताकडे पाहिलं. "तू... तू ती शेजारच्यांची मांजर ना?"

कोणी हसलं नाही. धाकटी आईला बिलगली. भाचीने तिला उचलून घेतलं, आणि थोरलीचाही हात धरला. काकांनी लगेच तिचं खरं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. त्याने आणखीच बिघडलं. पाठ केल्यासारखं वाटलं ते.

त्यांनी पेला विसळून पालथा घातला. भाची म्हणाली, "येत जा, मामा," पण मुलींना पाठवते असं म्हणाली नाही.

आम्ही चालत केंद्राकडे परत निघालो. सांगण्यासारखं सगळं तिथे सांगून झालं होतं, आणि त्यात एकही चूक नव्हती.

केंद्राच्या फाटकापाशी काका थांबले. "मी काही वाचलेलं नाही ते. शेवटी त्या रखवालदाराचं काय होतं?"

काहीतरी बरं सांगावं असं फार वाटलं. पण मला जमलं नाही. "पकडला जात नाही," मी म्हटलं. "पण त्याला ओळखणारं कोणी उरत नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "पटण्यासारखं आहे," म्हणाले, आणि आत गेले. साडेदहा वाजत आले होते. थोड्या वेळाने पंप सुरू झाल्याचा आवाज आला. गावाला पाणी सोडायची वेळ झाली होती.